पोकळ कॅन्डल, भरीव कॅन्डल

४ फेब्रुवारी, मंगळवार
हो म्हणाली! मोनाली लग्नाला हो म्हणाली! राजकमल चौकात, चहा पिता पिता. वर एवढंच — "बाबाले तूच पटव."

बाबा म्हणजे शेषराव. बाळापूरला बियाण्याचं दुकान. शेअर बाजार म्हणजे सट्टा, हे त्यांचं ठाम मत. आणि माझा धंदाच तो!

एक गोष्ट मोनालीलाही सांगितलेली नाही. मला लाल आणि हिरवा वेगळे ओळखू येत नाहीत. वरूडला घरची संत्र्याची बाग, आणि मी नेमकी कच्ची फळं तोडायचो. दादाने हाकलूनच दिलं बागेतून. चार्टचं मात्र बरं आहे. चढ-उताराचे हिरवे-लाल रंग काढून टाकता येतात. भाव चढला त्या दिवसाची कॅन्डल, म्हणजे चार्टवरची उभी पट्टी, पोकळ; पडला त्या दिवसाची भरीव. बस!

९ फेब्रुवारी, रविवार
बाळापूर. चहाच्या आधीच शेषरावांचा प्रश्न — "तू जुगार काहून खेळतं?"

मोबाईलवर एका सिमेंट कंपनीचा चार्ट दाखवला. भाव तीनदा एका रेषेपर्यंत चढून माघारी आलेला. म्हटलं, काका, बाजार बंद होताना भाव रेषेच्या वर असला तरच घेणार. नाहीतर नाही.

"अन् घेतल्यावर पडला तं?"

कितीला विकून मोकळं व्हायचं, ते घ्यायच्या आधीच ठरलेलं असतं, म्हटलं. ते बराच वेळ मोबाईल न्याहाळत राहिले. मग — "काळा-पांढरा काहून?"

"सवय आहे," म्हणालो. पहिल्याच भेटीत थाप!

११ फेब्रुवारी
त्यांचा फोन. "घेतला का?" नाही काका.

१३ फेब्रुवारी
"घेतला का?" नाही. "मंग दिवसभर करतं काय?" वाट पाहतो, म्हटलं. मोनाली सांगते, फोन ठेवून बाबा हसत होते!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
दुपारी भाव रेषेच्या वर! हात नुसते शिवशिवत होते. साडेतीनला बाजार बंद झाला तेव्हा पुन्हा खाली. घेतला नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार
भाव धाडकन आपटला! मी काही बोलायच्या आत शेषरावांचाच फोन — "सट्टेवाला असता तं शुक्रवारीच घेतला असता." एक रुपया न कमावता इतका खूश मी कधीच झालो नव्हतो. खोलीत एकटाच नाचलो.

संध्याकाळी मोनालीला रंगांचं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मले काही फरक नाही पडत. बाबाले मी सांगू?" नको, मीच सांगणार. बियाणं पारखणारा माणूस तो, पोरात खोट आहे म्हणाला तर?

२३ फेब्रुवारी, रविवार
सांगितलं. दुकानात आम्ही दोघंच होतो. शेषराव उठले, दार लोटलं, खिशातून स्वतःचा मोबाईल काढून माझ्या हातात दिला. चार्ट उघडलेला!

"पंधरा दिवस झाले पाहून राहिलो, रंगावरून कोणती कॅन्डल चढली अन् कोणती पडली, काहीच समजत नाही. ते काळं-पांढरं मलेही लावून द्या. अन् तुमच्या सासूले सांगू नका."