दोष विहिरीचा नव्हता

प्रिय अक्का,

येत्या सोमवारी जळगावला तुझ्या मनीषाच्या गळ्याचं ऑपरेशन आहे. काळजी करू नकोस असं लिहिणार होतो, पण मलाच काळजीनं अन्न जात नाहीये, तर तुला काय सांगू? काही झालं की अजून हात फोनकडे जातो, तुझा जामनेरचा नंबर लावायला. आज धुळ्याचं दुकान उघडलं आणि मागच्या खोलीत तांब्याच्या तारांच्या रिळांमध्ये बसून हे लिहायला घेतलं. तुला न सांगता तुझ्या लेकीच्या गळ्यावर सुरी चालवू द्यायची, हे काही मनाला पटेना.

तिला गाठ नाही, अक्का. दुखत नाही, खुपत नाही. सगळं अवघड झालंय ते त्यामुळंच.

सोनगीरला माहेरी यायचीस, तेव्हा जामनेरहून पाण्याचा कॅन घेऊन यायचीस, आठवतं? एसटीचा कंडक्टर झाकण उघडून वास घ्यायचा, रॉकेल तर नाही ना म्हणून. आजीच्या गळ्याला गाठ, तिच्या लेकाच्या, आपल्या आबांच्या गळ्याला गाठ. तेव्हा आपल्या विहिरीचं पाणी वाईट, हे घरात ठरूनच गेलं होतं. तुझं स्थळ बघताना आबांनी शेती किती ते नंतर विचारलं, आधी पाणी कुठलं पिता ते विचारलं! आणि तू लहानग्या मनीषाला घेऊन आलीस की ओट्यावर पाय ठेवताना आईला बजावायचीस, "हाई पानी पोरले पाजानं नही."

आई पुढे केलेला तांब्या आत घेऊन जायची.

तिचा गळा शेवटपर्यंत स्वच्छ होता ग. ती दुसऱ्या घरातून आलेली, आणि सगळा संसार त्याच विहिरीच्या पाण्यावर केला तिनं. आपल्या डोळ्यांसमोर होती रोज. हे कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?

तुझा आवाज बदलला तो मी फोनवर ओळखला. शेतकरी विहिरीवरून मोबाइल मोटारीला लावतो आणि मी इथून सांगतो, बेअरिंग गेलं की पाणी कमी पडलं. मोटारी दुरुस्त करायचा धंदा माझा, त्यावरच उभा राहिलो. तुला दोनदा विचारलं, तर तू मलाच हसलीस. "मी ते जामनेरनं पानी पेस, भाऊ. माले कशी गाठ व्हई?" आणि पदर गळ्याभोवती ओढून घ्यायला लागलीस. पोट सारखं बिघडायचं, तेही त्या गाठीमुळंच हे नंतर कळलं, पण तू ते शेवभाजीवर ढकललंस. एवढी हुशार बाई तू, एवढा विश्वास त्या कॅनवर?

तुला अ‍ॅडमिट केलं तेव्हा डॉक्टरांनी तुझं थोडं जास्तीचं रक्त काढलं होतं, हे घरच्यांनाही होऊ शकतं का ते तपासायला. तुझं दिवसकार्य उरकल्यावर त्याचा रिपोर्ट आला. मला आणि मनीषाला समोर बसवून त्यांनी सांगितलं, ते तुलाही सांगतो. शरीरातल्या पेशींच्या अंगावर रिसेप्टर म्हणून काही असतं. बाहेरून निरोप आला की तो घ्यायचा आणि आत पोचवायचा, एवढं त्याचं काम. आपल्या घरात त्यातल्या एकात, रेट नाव त्याचं, जन्मापासूनच बिघाड आहे. बाहेरून कुणी काही सांगत नाही, तरी तो आत सांगत सुटतो की वाढा. गळ्यातल्या थायरॉइडमधल्या काही पेशी ते ऐकतात आणि वाढत राहतात. गाठ होते, तिचा कॅन्सर होतो. आजीकडून आबांना, आबांकडून तुला. पाण्याचा काडीचा संबंध नाही.

मनीषा मग हळूच म्हणाली, "म्हणजे आईनं मला ते पाणी नाही दिलं, आणि हे दिलं?"

रागानं नाही म्हणाली, अक्का. पण मला तिच्याकडे बघवलं नाही. डॉक्टरच म्हणाले की हे कुणी देत नाही, आणि नाही म्हणायचं कुणाच्या हातातही नसतं. मुलाला येईल किंवा येणार नाही, दोन्हीची शक्यता सारखी.

आम्हा दोघांची तपासणीसाठी रक्त द्यायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, मामा, तुम्ही आधी हात पुढे करा, तुम्हीही त्याच घरचे. केला पुढे. माझा रिपोर्ट चांगला आला. तिच्यात सापडलं. अशा वेळी माणसानं तोंड कसं ठेवायचं, हे तू असतीस तर विचारलं असतं.

डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट होतं. गाठ व्हायची वाट बघू नका, थायरॉइड आत्ताच काढून टाका. मनीषा नाही म्हणाली. ती पहिलीच्या वर्गाची मास्तरीण, दिवसभर पोरांना गाणी म्हणायला लावणारी. आवाजाची नस तिथूनच जाते, धक्का लागायची भीती थोडी का होईना असते, हे डॉक्टरांनी लपवलं नव्हतं. चांगला गळा कशाला कापायचा, असं तिचं. तिच्या सासूबाई तर पाण्याचा नवीन फिल्टर घेऊन आल्या! मला हसू आलं, आणि मग आलं नाही.

मग मी रोज फोन करायला लागलो. काहीही विचारायचं. कळण्याच्या भाकरीला उडीद किती घालतेस, जामनेरला कापसाला काय भाव चाललाय, शाळेला सुट्टी कधी. ती बोलायची आणि मी डोळे मिटून ऐकायचो, आवाज जरा जाड झालाय का? एकदा वाटलं झालाय. दोन दिवस घास उतरला नाही. सर्दी होती.

तिसऱ्यांदा भाकरीचं विचारलं तेव्हा तिला संशय आला. रविवारी सरळ दुकानातच आली. टेबलावर पिंपळनेरहून आलेला मोटारीचा एक स्टार्टर उघडा पडला होता. काय झालंय याला, म्हणाली. मी म्हटलं, आतले पॉइंट चिकटलेत. कुणी हिरवं बटण दाबलं नाही तरी मोटार चालू. लाल दाबलं तरी बंद होत नाही. विहीर आटली तरी फिरतच राहते, आणि एक दिवस जळते. बोलता बोलता मीच थांबलो. कुठे येऊन पोचलो ते दोघांनाही कळलं होतं.

"मामा, जळायला लागली की तुम्हाला आवाजावरून कळतं ना?"

"कळतं. पण मला कळतं तोवर निम्मी जळालेली असते."

तिनं तो स्टार्टर माझ्याकडे सरकवला. "मग रोज मला फोन लावून ऐकत कशाला बसता? तारीख घ्या."

अशी तारीख घेतली, अक्का. बाकीच्या तपासण्या झाल्या, याच बिघाडानं किडनीवरच्या ग्रंथींतही गाठ होऊ शकते म्हणून त्या बघितल्या, तिथं काही नाही. सर्जन म्हणतात लवकर आलात. मी त्यांना विचारून विचारून भंडावून सोडलंय. आता मला बघितलं की ते दुसऱ्या दारानं जातात.

पण एक गोष्ट अजून राहिली आहे. चार्वी. तुझी नात, मनीषाची एकुलती एक. तिचंही रक्त द्यायचं आहे, तिच्या आईचं ऑपरेशन पार पडल्यावर. मनीषा त्याबद्दल बोलत नाही आणि मीही काढत नाही. परवा चार्वी माझ्या मांडीवर येऊन बसली, आणि मी बघत कुठे होतो, तर तिच्या गळ्याकडे. असं बघायची सवय लागू नये मला. त्या लेकराला काय वाटेल?

थायरॉइड काढला की मनीषाला जन्मभर रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यावी लागेल. आपल्या घरातल्या बायका स्वतःची गोळी विसरण्यात पटाईत, ते मी तुझ्याकडून शिकलोय. म्हणून तुला शब्द देतो: मी आहे तोवर रोज सकाळी तिला फोन जाईल, आणि ती गोळी घेतली म्हणेपर्यंत मी तो ठेवणार नाही. कंटाळली, चिडली, तरी. आणि चार्वीचा रिपोर्ट जो काही येईल, तो मी तिच्या आईच्या शेजारी बसून ऐकेन. तिला एकटीला ऐकू देणार नाही.

सोमवारी सकाळपासून ऑपरेशनच्या दाराबाहेर बसणारा,
तुझा धाकटा भाऊ,
रमेश