जड रिव्हॉल्व्हर

आनंद नगर, भोपाळ
२० ऑक्टोबर २०२४

ती. दादा,

नमस्कार. मी मजेत. वहिनीचा गुडघा कसा आहे? फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

रिव्हॉल्व्हर घेतलं. तू सांगितलेलं नाही घेतलं. दुकानदारानंही आधी तेच काढलं होतं, आखूड नळीचं, हलकं. "मॅडम, लेडीज लोग यही ले जाते हैं." तुम्हा दोघांचं अगदी एकमत. पण नेमबाजीच्या रेंजवर शिकवणाऱ्या क्षितिजानं मला दोन्ही प्रकार चालवून पाहायला लावले होते. हलक्याचा सगळा झटका मनगटावर येतो. पहिल्याच गोळीला माझा हात वर उडाला आणि पुढची झाडताना डोळे आपोआप मिटले. ती म्हणाली, "काकू, नवशिक्यानं जड घ्यावं, लांब नळीचं. अर्धा धक्का तेच खातं." तसंच घेतलं. चक्री उघडली की आत गोळ्या आहेत की नाहीत ते चष्म्याशिवाय दिसतं. पर्समध्ये मात्र मावत नाही.

गेल्या वर्षी खांडेनवमीला घरातल्या बंदुकांवर झेंडू वाहताना तू सगळ्यांसमोर म्हणालास, "नलू एकटी राहणार असेल तर हत्यार ठेवेल, नाहीतर ग्वाल्हेरला येईल." म्हणून लायसन्सचा अर्ज केला. चोरांच्या भीतीनं नाही, तुझ्या भीतीनं.

हे गेल्यावर सुरुवातीला घर खायला उठायचं. आता नाही उठत. मला एकटीनं राहायला आवडतं, दादा. हे तोंडावर सांगायला जीभ रेटली नसती. सकाळी चहा घेऊन अंगणात बसते, भाजी कुठली करू असं कुणाला विचारावं लागत नाही. शनिवारी रेंजवर जाते. परवा गोळी काळ्या वर्तुळात लागली, तर रिव्हॉल्व्हर खाली ठेवून मी क्षितिजाला मिठीच मारली. साठीत असलं सुख मिळेल असं वाटलं नव्हतं.

रिव्हॉल्व्हर कपाटात कुलूप लावून असतं, गोळ्या वेगळ्या. मी किल्ली शोधेपर्यंत चोर चहा पिऊन जाईल. तेव्हा तुझी अट पुरी झाली की नाही, ते तूच ठरव.

मागच्या खोलीत तू माझ्यासाठी पलंग करून घेतलास, असं वहिनी म्हणाली. ऐकून रडू आलं. तुझी माया मला कळते रे. पण तो पलंग तुझ्या नातवाला, पिंटूला दे. भाऊबीजेला ओवाळायला येते. परतीचं तिकीटही काढलं आहे.

रागावलास तरी तुझीच,
भोपाळची नलू