नाल्याअलीकडचा गुन्हा

प्रिय बुधरी,

सोयरीक मोडल्याचा तुझा निरोप आमच्या गावच्या हरिदासभाऊंनी बाजारातून आणला. तेव्हापासून तुझा फोन बंद आहे, म्हणून लिहितोय. गडचिरोलीला नर्सिंग शिकताना माझ्या अक्षराला तू कोंबडीचे पाय म्हणायचीस. तेच पाय आहेत, सहन कर.

शुक्रवारचं सगळं सांगतो. तुझे बाबा, म्हणजे माझे होणारे सासरे पोचूमामा, आमचं घर पाहायला येणार होते. रिकाम्या हाताने कसे येतील? सोयऱ्याच्या देवाला मोहाच्या दारूचे थेंब सोडायची तुमची रीत, म्हणून घरी काढलेली छोटी कॅन घेऊन निघाले. नाल्यापलीकडे, तुमच्या छत्तीसगडात, आदिवासीने घरापुरती काढली तर सरकारची हरकत नाही. नाल्याअलीकडे आमचा गडचिरोली जिल्हा दारूबंदीचा. नाला सध्या कोरडा आहे, ओलांडताना चप्पलसुद्धा भिजत नाही. मामांनी तो ओलांडला आणि ते आरोपी झाले.

स्टँडवर दारूबंदीच्या बायकांनी अडवलं. कॅनमध्ये काय आहे विचारल्यावर दुसरा कोणी रॉकेल म्हणाला असता. मामांनी झाकण उघडून वास घ्यायला दिला. मी ठाण्यात पोचलो तर बाकावर बसून मला एकच विचारत होते, "मी चोरी केली का जी?" मी जामिनाचे कागद भरायला घेतले. जामीन झाल्यावर माझ्याकडे न पाहता ते पायीच निघाले.

जंगल एक, मोह एक, मग कायदे दोन काऊन, असं तू निरोपात विचारलंस. मी खूप डोकं चालवलं. तुमच्याकडे म्हाताऱ्यांनी सांगितलं, दारूशिवाय आमचा देव पावत नाही. आमच्याकडे बायकांनी सांगितलं, दारूने आमची घरं बसली. दोन्ही सरकारांनी आपापल्या माणसांचं ऐकलं. ज्याचं जळतं त्याला कळतं. पण नाल्यात उभ्या माणसाने कोणाचं ऐकायचं?

आता जे मामांनी तुला सांगितलं नसेल ते सांगतो. त्यांनी बायकांना विश्वासाने सांगितलं होतं, "रुखमाबाईच्या घरी नेऊन राह्यलो, आमी सोयरे आहो." समोर उभी होती ती रुखमाबाईच, माझी आई. मामांनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. सगळ्या बायका तिच्या तोंडाकडे बघू लागल्या. ती म्हणाली, "माया घरी चालली म्हणून सोडू का? मंग दुसऱ्याची कोन्या तोंडानं अडवू?" आणि स्वतः त्यांना ठाण्यात घेऊन गेली. माझे बाबा दारूनेच गेले हे मला माहीत आहे, तरी दोन दिवस मी तिच्या हातचं जेवलो नाही.

काल धुणं वाळत घालता घालता तीच बोलली, "मी केलं ते चुकलं मनणार नाई. पन त्याच्या देवाचा काय गुन्हा? मी जाते तिकडं. त्याच्या अंगणात, त्याच्या हातची घेऊन, थेंब मीच सोडते." बुधरी, मोहाच्या नुसत्या वासाने तिला उलटी होते. म्हणून हे पत्र. येत्या सोमवारी आम्ही येतोय, मामांना घरीच थांबव. आणि तरीही तुला सोयरीक मोडायचीच असेल, तर तिचे थेंब सोडून झाल्यावर तिच्यासमोर सांग.

तुझाच,
धनराज