दोन्ही बाजूंनी सुरू होणारी वही

१८ जून
पेणहून रोहा, मग पूल ओलांडून अष्टमीची शाळा. चौथीत नवी मुलगी, साना. तिसरीपर्यंत आजोळी, उर्दू शाळेत. वडील कुवेतला. मराठी बोलते खणखणीत. वाचायला दिलं की एकेक अक्षर चाचपडते, अर्थ गुल. मु.अ. (मुख्याध्यापक) म्हणाले, "दुसरीत बसवा." साफ नाही म्हटलं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मुदत मिळवली, भांडूनच.

२० जून
सानाची आई येऊन गेली. "खाली बसवलीत तर मी तिला परत आजोळी धाडीन, बाई. पोर रडते, इथंच ऱ्हायचं म्हनते." राहील. माझ्यावर सोडा म्हटलं.

३ जुलै
साना वही मागून उघडते, उर्दूची सवय. वर्ग खिदळला. दटावलं सगळ्यांना. तिला म्हटलं, मागून उर्दू लिही, पुढून मराठी. वही एकच. मु.अ.: "खिचडी होईल, बाई." होऊ दे. एका भाषेत वाचणारं डोकं दुसरीत कोरं कसं राहील?

२९ जुलै
घरी सुका जवळा कसा निवडतात, ते लिहिलं. आधी उर्दूत, मग मराठीत. स्वतःचंच वाचताना अडली, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा वाचलं. हेच तर हवं होतं! आनंदात डबा खायचा राहिला.

२१ ऑगस्ट
पेणेत गणपतीच्या गाड्यांनी रस्ता अडवलेला, उशीर. पुस्तकातला धडा संपवून साना म्हणते, "बाई, ह्या लिहिणाऱ्यानं शेवटाला घाई केली. मी नसती केली." खरंय की. इतकी वर्षं शिकवते, मला कधी… असो. लिहिणारंच माणूस असं वाचतं.

९ ऑक्टोबर
मु.अ.नी आज अचानक पाचवीचं पुस्तक उघडून दिलं. सानानं वाचलं, सावकाश, दोनदा अडून. "अर्थ?" जुन्या सवयीनं हिंदीत सांगितला, पुरता. "मराठीत." मग तिनं खडू मागितला. फळ्यावर मराठीत चार ओळी. चुका दोन. मागे सरकून वाचलं, एक पुसून दुरुस्त केली.
मु.अ.नी चारी ओळी वाचल्या, काही न खोडता पुस्तक मिटलं. "सुट्टीनंतर बघू."
म्हणजे अजून अधांतरीच. मी चिडलेली. बाहेर आल्यावर साना हळूच म्हणाली, "बाई, दुसरी चूकपन दिसलेली मना. सरांना गावते का, ती बघत होते."