मामावर केलेली वाक्यं

उमरेड, दि. ३ डिसेंबर १९७२

चि. शामला हीस चंपतमामाचे अ. उ. आ. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुझ्या आईचा खोकला कमी आहे. भिवापुरी मिरच्या मोटारीनं येणाऱ्या माणसासंग पाठवल्या. रुखमाबाईले, म्हणजे तुझ्या मावशीले, निम्म्या देजो, सगळ्या एकटीनं खाऊ नको.

आता मुद्द्याचं. तुझं लग्न जमवून राहिलो. मुलगा ताराचंद, कामठीचा, हापिसात कारकून. बाप वामनराव, आपल्यातलेच विणकर, माग कधीचा मोडला, आता कापडाचं दुकान आहे. मुलाले साहेब लोकाईत जावं लागते, म्हणून त्याईले इंग्रजी बोलणारी पोरगी पाहिजे. मी म्हटलं, आमची शामला टेलिफोन एक्सचेंजमधी ट्रेनिंग घेऊन राहिली, इंग्रजीशिवाय तिथी पान हलत नाही. बाप्पा, काय खूष झाले! फक्त लग्नानंतर नोकरी नको म्हणतात. पाळ्या करून परक्या माणसाईशी बोलणारी सून त्याईले चालत नाही. मी शब्द देऊन टाकला की पोरगी नोकरी सोडते. तेव्हा इंग्रजी तेवढी पक्की करून घे आणि नोकरीचं डोक्यातून काढ. संक्रांतीनंतर पाहायले येतील.

मामीचे आशीर्वाद. उत्तराले आळस करू नको, तुझी सवय मले माहीत आहे.

तुझा मामा
चंपतराव

नागपूर, दि. ११ डिसेंबर १९७२

ती. मामांस शामलाचे शि. सा. न. वि. वि.

मिरच्या पोचल्या. मावशीनं लगेच वांग्यात घातल्या आणि आम्ही दोघी नाक पुसत पुसत जेवलो.

इंग्रजी पक्की करायला सांगता, तर ऐका ती कशी असते. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, एवढं आपल्याला शाळेत शिकवलं. पण त्याच्या मागं ‘ऑफ’ लागलं की होतं पुढं ढकलणे, ‘आउट’ लागलं की विझवणे, आणि ‘अप विथ’ लागलं की मुकाट्यानं सोसणे. शेपूट बदललं की जनावरच बदलतं! पहिल्याच आठवड्यात ट्रेनिंगच्या मॅडमनी विचारलं, बोलणं संपल्यावर काय म्हणाल? आपण मराठीत फोन ठेवते म्हणतो, म्हणून मी ठणकावून सांगितलं, आय ॲम कीपिंग द फोन. मॅडम म्हणाल्या, कुठं ठेवताय, कपाटात? सगळा वर्ग हसला. मीही हसले, काय करता!

मॅडमचा नियम असा, की त्या शब्द देतील त्याचं वाक्य करायचं, गाइडातलं चालायचं नाही, आपल्या घरचं पाहिजे. म्हणून मी सगळी वाक्यं तुमच्यावर करते. माय अंकल ब्रॉट मी अप, म्हणजे मामांनी मला लहानाचं मोठं केलं. माय अंकल पुट्स ऑफ गोइंग टु द डेंटिस्ट, म्हणजे मामा दाताच्या डॉक्टरकडं जायचं पुढं ढकलतात. वर्गात सगळ्या जणी तुम्हाला ओळखायला लागल्या आहेत.

आता तुमच्या शब्दाविषयी. मामा, शब्द तुम्ही दिला, मी दिला नाही. बाबा गेल्यावर तुम्ही आम्हाला घरात घेतलं, कधी वाकडा शब्द बोलला नाहीत, हे मी देवासमोर सांगेन. पण आई आजही भाजीत मीठ किती घालू हे मामीला विचारून घालते. बारा वर्षं झाली. मला असं विचारून मीठ घालायचं नाही. स्वतःची मिळकत हातात असल्याशिवाय मी कोणाच्याच घरी जाणार नाही. फेब्रुवारीत तोंडी परीक्षा आहे, ती पास झाले की नोकरी पक्की. पाहुण्यांना यायचं तर खुशाल येऊ द्या, मी पाटावर बसेन. नोकरी सोडणार नाही.

आईला नीट औषध घ्यायला सांगा. मामींना नमस्कार. लोभ आहे तो वाढवा असं दरवेळी लिहिते, या वेळी आहे तेवढा टिकला तरी पुरे.

आपली आज्ञाधारक (बहुतेक वेळा)
शामला

उमरेड, दि. १७ जानेवारी १९७३

चि. शामलास आशीर्वाद. वि. वि.

पाहुणे रविवारी मावशीकडे येतात, तुझी आई शनिवारी निघते. मी येऊन नाही राहिलो. दाढ सुजली, तोंड उघडत नाही. हसू नको.

एक सांगतो ते मुकाट्यानं ऐक. त्याईनं इंग्रजीत विचारलं तर इंग्रजीत काय बोलायचं ते बोल, कोणाले कळून राहिलं? मराठीत मात्र हो आणि नाही, इतकंच. नोकरीचं नाव काढू नको. एकदा अक्षता पडल्या की मग पाहू. पोरगी पाहिजे गोड आणि कमी बोलणारी.

दुखऱ्या तोंडानं एवढंच.

चंपतराव

नागपूर, दि. २२ जानेवारी १९७३

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

दाढ कशी आहे? काढून टाका एकदाची.

काल पाहुणे येऊन गेले. माझ्याविषयी तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगते. मावशीनं सांबारवड्या केल्या होत्या, वामनरावांनी पोटभर खाल्ल्या. नाव, गाव, शिक्षण झालं. मग ते म्हणाले, बेटा, इंग्रजीत चार शब्द होऊन जाऊ दे. मी आधी तुमचं ते लहानाचं मोठं केल्याचं वाक्य म्हटलं. मग म्हटलं, आय विल नॉट गिव्ह अप माय जॉब आफ्टर मॅरेज. आय विल कॅरी ऑन.

मामा, वामनरावांनी मांडीवर थाप मारली! फर्स्टक्लास, फर्स्टक्लास म्हणाले. कशी फाडफाड बोलते, असं मावशीला दोनदा सांगितलं. ताराचंदनं मात्र मान खाली घातली. त्याला समजलं होतं. पण बापाला सांगायला त्याच्या तोंडून ब्र निघाला नाही. आणि आई! आई माझ्याकडं इतक्या कौतुकानं बघत होती की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याच आईला कळणार नाही अशा भाषेत बोलून सुटायचं, हा कुठला शहाणपणा? म्हणून मी तेच मराठीत सांगितलं. लग्नानंतर मी नोकरी सोडणार नाही, चालू ठेवणार, असं.

वामनरावांनी हातातली बशी खाली ठेवली. मग वामनराव उठले. पोरीला वळण नाही म्हणाले, चपला घातल्या आणि गेले. इंग्रजीत जे फर्स्टक्लास होतं तेच मराठीत उद्धट झालं. बोलणारी मी, ऐकणारे तेच, मध्ये दोन मिनिटंसुद्धा गेली नव्हती.

आई रात्रभर बोलली नाही. सकाळी डोक्याला तेल लावून दिलं, तेव्हाही बोलली नाही. पण तेल लावलं.

तुम्ही रागावणार हे ठाऊक आहे. रागावा. खोटं मात्र मी बोलले नाही.

तुमची
शामला

उमरेड, दि. २ फेब्रुवारी १९७३

शामलास,

दाढ काढली. त्याहून जास्त दुखणं तू दिलं.

पेठेत तोंड दाखवायले जागा नाही ठेवली तू. माहा शब्द गेला. काय कमी केलं होतं आम्ही तुले? आणि त्या पोट्ट्यात वाईट काय होतं, ना दारू ना पत्ते! काहून असा हट्ट वं? टेलिफोनच्या तारेले गळ्यात बांधून जन्म काढशील काय?

तरी देवाची कृपा, वामनराव अजून तयार आहेत. निरोप आला, की पोरीनं स्वतःच्या हातानं माफीच्या दोन ओळी लिहाव्या आणि नोकरी सोडते असं कबूल करावं. वैशाखातली तीथसुद्धा पाहून ठेवली त्याईनं. दोन ओळी, शामला! एवढी वाक्यं करत राहते, दोन अजून कर. मी स्वतः नेऊन देतो. मामी रडून राहिली.

आशीर्वाद आहेत, पण रागासकट.

चंपतराव

नागपूर, दि. १२ फेब्रुवारी १९७३

ती. मामांस नमस्कार. वि. वि.

दोन ओळी लिहायला बसले होते. खरंच बसले. मामींच्या रडण्याचं वाचून मन विरघळलं होतं. पण माफी कशाची मागू, हेच सुचेना. पाहुण्यांना बोलावून त्यांच्यासमोर खरं सांगितलं, याची? ती मागणार नाही. तुमचा शब्द मोडला, त्याचं वाईट वाटतं, आणि ते तुम्हाला सांगते, वामनरावांना नाही. ताराचंद वाईट नसेल. पण जो समजून उमजून मान खाली घालतो, त्याच्या भरवशावर मी काय सोडू?

परवा तोंडी परीक्षा झाली. मॅडमनी मला ‘स्टँड बाय’ दिलं. म्हणजे वेळ आली की पाठीशी उभं राहणे. वाक्य आपल्या माणसावर करायचं. तुमचं नाव जिभेवर आलं, मामा, आणि तिथंच अडलं. मॅडम वाट बघत होत्या. शेवटी मी मावशीचं नाव घातलं. वाक्य बरोबर आलं, पास झाले, नोकरी पक्की झाली. बाहेर येऊन जिन्यात बसून रडले.

एक मार्चपासून कामावर जायचं आहे. मी जाणार. आशीर्वाद दिलात तर डोक्यावर घेऊन जाईन, नाही दिलात तरी जाईन.

कळावे. आईला माझ्या वाटणीचा राग देऊ नका.

शामला

उमरेड, दि. २६ फेब्रुवारी १९७३

चि. शामला हीस चंपतमामाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस मागावर बसलो नाही. तिसऱ्या दिवशी कामठीले गेलो. तू माफी मागत नाही, तर म्हटलं आपणच हात जोडून येऊ, संबंध तरी राहतील. टोपी, उपरणं, सगळं नीट करून गेलो.

दुकानात चार माणसं बसली होती. वामनरावानं चहा सांगितला. मी बोलायले सुरुवात केली, तर मले थांबवून त्या चौघाईले सांगू लागला, की हे त्या पोरीचे मामा. बिनबापाची पोरगी, वरून इंग्रजी शिकली, म्हणून तोंड फुटलं तिले. चौघं हसले. ताराचंद सुट्टीचा तिथीच कापड मापून राहिला होता, तो मापतच राहिला.

बिनबापाची! बारा वर्षं मी काय मेलो होतो?

मी उठलो. म्हटलं, वामनराव, तोंड तिले पहिल्यापासूनच होतं, इंग्रजी तर आत्ता आली. अन् ते तोंड आमच्याच घरचं आहे. चहा तसाच ठेवून निघालो. मोटारीत बसलो अन् मजा आली, खोटं काहून सांगू.

तुझ्यावरचा राग गेला असं समजू नको. पेठेत अजून लोक विचारतात, मी काय सांगायचं ते सांगतो. एक तारखेले तुझ्या आईले घेऊन नागपूरले येतो. तुले एक्सचेंजच्या फाटकापर्यंत सोडायले मी येईन, मावशी नाही.

आणि शामला, आता जर ती नोकरी सोडशील, तर याद राखजो.

तुझा मामा
चंपतराव