आपण म्हणजे कोण

मंगळवार, १२ सप्टेंबर
दुपारी, जेवणं आटोपल्यावर

ती. ताई,

साष्टांग नमस्कार, म्हणजे कंबर परवानगी देईल तेवढा.

इकडे सगळे बरे आहेत. आईचं वजन दोन किलो वाढलंय आणि तिचं म्हणणं आहे की वजनकाटा बिघडलाय. डावा गुडघा मात्र खरंच बिघडलाय, त्याचं नंतर लिहिते. तुझ्या मेहुण्यांनी बाल्कनीत टोमॅटो लावलेत. रोज सकाळी त्यांच्याशी गप्पा मारतात. माझ्याशी लग्नाच्या पहिल्या वर्षातसुद्धा एवढं बोलले नव्हते. भावोजींची पाठ कशी आहे?

फोन तू उचलत नाहीस. आईला तुझी पत्रं येतात, त्यात माझ्यासाठी ओळ नसते. मी कुणाची पत्रं चोरून वाचत नाही, आईच मला वाचून दाखवायला सांगते, म्हणून ठाऊक. तर आता मीच लिहायला बसले. राग आला तर घडी घालून ठेव आणि उद्या वाच, पण वाच.

माझ्या कामात एक लफडं झालंय आणि ते सांगायला मला तुझ्याखेरीज कुणी सुचेना. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, शब्द बरोबर होता ना, मग झालं. आपल्या घरात वाढलेल्या माणसाला हे पुरणार नाही.

तू मला टकळी म्हणायचीस. आता त्या टकळीवरच माझं पोट चालतं. आपली माणसं या परक्या मुलखातल्या कचेऱ्यांत, दवाखान्यांत, चौकशांत अडकली की दुभाषी म्हणून मला बोलावतात. नियम दोनच. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं, कुणी पुटपुटलं तरी. आणि पदरचं काही घालायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण इथल्या भाषेत क्रियापद कर्त्याच्या पाठोपाठ येतं आणि आपलं बसतं शेवटच्या बाकावर. मागे एक म्हातारे गृहस्थ अधिकाऱ्यासमोर सांगत होते, ‘मी त्या दिवशी, पाऊस होता म्हणून, घरमालकाच्या माणसाला, तो दारातच उभा होता, आत घेतलं’ आणि मग पाणी प्यायले. मी वाट बघत होते, पण अधिकारी घाईत होता, मी ‘आत घेतलं’ सांगून मोकळी झाले. पेला खाली ठेवून गृहस्थ म्हणाले, ‘नाही.’ तेव्हापासून मी आपल्या माणसाचं वाक्य संपेपर्यंत बोलत नाही. सगळे मला मंद समजतात, समजू देत.

तर लफडं असं. दवाखान्यांच्या चादरी धुणारा एक मोठा धुलाईखाना आहे. तिथे गरम रुळांचं एक मशीन आहे, एका बाजूने ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूने इस्त्री होऊन बाहेर. हात आत जाऊ नये म्हणून पुढे जाळी असते. ती जाळी काढून मशीन चालवलं आणि चादर घालणाऱ्या एका बाईची तीन बोटं भाजली. चौकशी लागली. मशीन चालवणारी बाई आपल्या भाषेची, पन्नाशीची, तिला मी इस्त्रीवाली म्हणते, नावं लिहिणं नियमात बसत नाही. तिच्यावरची मुकादमबाई, तीही आपल्याच भाषेची. फरक इतकाच की तिला इथली भाषा येते आणि इस्त्रीवालीला ‘हो’, ‘नाही’ आणि ‘सुट्टी’ एवढंच येतं.

अधिकाऱ्याने विचारलं, जाळी काढायची कुणी ठरवलं? इस्त्रीवालीने त्याच्याकडे पाहिलंच नाही. समोर बसलेल्या मुकादमबाईकडे बघून म्हणाली, ‘आपण सकाळी ठरवलं होतं ना, जाळी अडकतेय तर काढून चालवू म्हणून?’

मी सांगितलं, आम्ही सकाळी ठरवलं होतं.

तुझ्या लगेच लक्षात आलं असेल. ‘आपण’ म्हणजे तू आणि मी. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझी माणसं, त्यात तू नाहीस. इथल्या भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे, आत कोण आणि बाहेर कोण ते ज्याचं त्याने ओळखायचं. अधिकाऱ्याने आपल्या सोयीने ओळखलं. लिहून काढलं, ‘कामगारांनी आपसांत ठरवून जाळी काढली.’ मुकादमबाई वाक्यातून बाहेर आणि सगळं खापर इस्त्रीवालीच्या डोक्यावर.

चूक राहून गेली.

काल तो कागद माझ्याकडे आला. भाषांतर खरं व पूर्ण आहे अशी खाली सही करायची आहे. शुक्रवारी शेवटची बैठक, त्यात इस्त्रीवालीला कामावरून काढायचं की ठेवायचं ते ठरेल. बावीस वर्षं झाली तिला तिथे. मी आमच्या कचेरीतल्या साहेबीणबाईंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, शब्दाला शब्द बरोबर आहे, कोशात बघा, तुमची चूक नाहीच, सही करा आणि यात पडू नका. खरंच, ताई, जगातला कुठलाही कोश माझी चूक काढू शकणार नाही. फक्त ती बाई काढू शकेल, आणि तिला तर मी काय बोलले ते कळलंच नाही.

बाबांची आठवण आली. कप फुटला की आपण दोघी एका सुरात, ‘कप फुटला.’ बाबा वहीतून मान वर न करता, ‘कर्ता कोण?’ तू हुशार, म्हणायचीस, ‘कप.’ मग ते म्हणायचे, ‘व्याकरणात कप. घरात कोण?’ आणि मी तुझ्याकडे बोट दाखवायचे. निम्म्या वेळा तो मीच फोडलेला असायचा.

मी सही करणार नाही. शुक्रवारी उभी राहून सांगणार आहे. ठरवलंय म्हणजे ठरवलंय, आता कुणी कितीही समजावलं तरी बदलणार नाही.

आईच्या गुडघ्याचं. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, महिनाअखेर तारीख देतायत. हे म्हणाले, करून टाकू. मी अजून काही बोललेले नाही. तीन वर्षांपूर्वी फोनवर माझ्या तोंडून जे निघालं ते तू विसरली नसशील, मीही नाही. पण ते आज नको, आधी शुक्रवार होऊ दे.

तुझी,
टकळी


शनिवार, १६ सप्टेंबर
सकाळ

ताई,

आधीचं पत्र अजून तुझ्या हातात पडलं नसेल, पण मला थांबवेना.

काल मी निळी साडी नेसून गेले, बाबांनी पहिल्या नोकरीला दिलेली. लांबट टेबल, एका बाजूला अधिकारी आणि त्याची टंकलेखिका, दुसऱ्या बाजूला मुकादमबाई आणि इस्त्रीवाली, दोघांच्या मधे टेबलाच्या टोकाला मी. इस्त्रीवालीने डबा आणला होता, बैठकीनंतर कामावर जायचंय म्हणून.

अधिकाऱ्याने सहीचा कागद पुढे सरकवला. मी तो परत सरकवला आणि म्हटलं, मला माझं भाषांतर दुरुस्त करायचंय. तो वैतागला. कोणता शब्द चुकला? मी म्हटलं, शब्द चुकला नाही, माणूस गळलं. मग त्याच्याच कागदाच्या मागे मी दोन गोल काढले. एका गोलात बोलणारी आणि ऐकणारी दोघी. दुसऱ्या गोलात बोलणारी आणि तिची माणसं, ऐकणारी बाहेर. म्हटलं, आमच्या भाषेत या दोन गोलांना दोन शब्द आहेत, तुमच्या भाषेत एक. ही बाई पहिला शब्द बोलली होती आणि तुम्ही दुसरा गोल लिहून घेतलात.

मुकादमबाई इथल्या भाषेत गोड आवाजात म्हणाली, अहो साहेब, आमच्यात हा शब्द कसाही वापरतात, मोठ्या माणसाला मान देतानाही हाच लावतात. आता हे काही खोटं नाही. अधिकारी माझ्याकडे बघायला लागला. मग म्हटलं, मला विचारू नका, तिला विचारा.

त्याने विचारलं. ते मला आपल्या भाषेत सांगायचं होतं. मी इस्त्रीवालीकडे वळले आणि म्हटलं, ‘आपण म्हणजे कोण?’

ताई, हा प्रश्न माझ्या तोंडून निघाला आणि मला तुझा आवाज ऐकू आला.

इस्त्रीवाली माझ्याकडे अशी बघत राहिली की हिला शाळेत घातलं होतं की नाही. म्हणाली, ‘ह्या आणि मी. अजून कोण? बाकीच्या तर तेव्हा आल्याही नव्हत्या. त्यांच्याशी ठरवलं असतं तर आम्ही म्हटलं असतं.’

मी सांगितलं, शब्दन् शब्द. टंकलेखिकेचा हात चालू झाला. आणि तेवढ्यात मुकादमबाई इस्त्रीवालीकडे झुकून, अगदी हळू, आपल्या भाषेत म्हणाली, ‘अगं, आपलं ठरलं होतं ना, हे इथे बोलायचं नाही म्हणून?’

मी खोलीत आहे हे ती विसरली बहुतेक. दुभाषी टेबलासारखी असते, काही दिवसांनी कुणाला दिसत नाही. नियम काय? खोलीत जे बोललं जाईल ते सगळं. मी पाठ सरळ केली आणि सांगितलं, मुकादमबाई आत्ता या बाईंना म्हणाल्या की, आपलं, म्हणजे त्यांचं आणि या बाईंचं, ठरलं होतं की हे इथे बोलायचं नाही. आणि हा शब्द पहिल्या गोलातला आहे.

टंकलेखिकेने मान वर केली.

मग अधिकाऱ्याने तो प्रश्न विचारला, ज्याची मला मंगळवारपासून धास्ती होती. ही चूक तुमच्या लक्षात केव्हा आली?

तुला मी लिहिलं होतं, चूक राहून गेली. राहून गेली नव्हती, ताई. त्या दिवशी माझं वाक्य संपलं तेव्हाच मुकादमबाईने मान खाली घातली आणि हातातल्या पेनाचं टोपण लावायला लागली. मी ते पाहिलं. तिला कळलं होतं आणि मलाही कळलं होतं, आम्ही दोघी मूग गिळून बसलो. मी का गप्प बसले? मधेच दुरुस्ती केली की दुभाषी कच्ची ठरते आणि दुभाषांच्या यादीतल्या माझ्या नावाचं वर्षाचं नूतनीकरण त्याच आठवड्यात होतं. एवढंच कारण. यापेक्षा मोठं असतं तर बरं वाटलं असतं.

सांगता आलं असतं की कागद आल्यावर लक्षात आलं, कुणाला कळलं नसतं. मी म्हटलं, ‘तेव्हाच.’

इस्त्रीवालीला कामावरून काढत नाहीयेत. जाळी आणि मुकादमबाई यांची नवी चौकशी लागेल, त्या चौकशीला दुसरा दुभाषी येईल. माझं नाव सहा महिन्यांसाठी यादीतून काढलंय. साहेबीणबाईंनी फोनवर एकच वाक्य म्हटलं, तुम्हाला सांगितलं होतं. बाहेर आल्यावर इस्त्रीवालीला मी सगळं सांगितलं, मागच्या वेळी काय बोलले, कधी कळलं, का गप्प बसले. ती माझ्यावर ओरडली नाही. म्हणाली, तुम्हाला दोन दोन भाषा येतात तरी एवढा वेळ लागला? आणि डबा घेऊन कामाला गेली.

सहा महिने घरात बसायचं आहे. ह्यांना काळजी वाटतेय की मी टोमॅटोंशी बोलायला लागेन.

आता तुझं. बाबा गेल्यानंतर अकरा वर्षं आईला तू सांभाळलंस. तिची औषधं, तिचे रुसवे, तिची दुपारची झोप, सगळं. आम्ही मोठं घर घेतलं आणि मी तुला फोन केला, ‘आम्ही आईला इकडे आणायचं ठरवलंय.’ तू विचारलंस, ‘आम्ही म्हणजे कोण?’ मी म्हटलं, ‘आम्ही म्हणजे आम्ही दोघं.’ आणि तू फोन ठेवलास.

मंगळवारी मी लिहिलं की ते तोंडून निघालं. निघालं नव्हतं. मी म्हटलं. फोन लावायच्या आधी मनात दोन्ही शब्द बोलून पाहिले होते. ‘आपण’ म्हटलं असतं तर तुला विचारावं लागलं असतं, आणि तू नाही म्हणाली असतीस. म्हणून मी तुला बाहेर ठेवलं. शब्द निवडायचं काम करते मी, तो शब्द मी निवडला होता. बाबा विचारतायत, घरात कोण? मी. या वेळी तुझ्याकडे बोट दाखवत नाहीये.

आईच्या ऑपरेशनला मी होकार दिलेला नाही. डॉक्टरांना सांगितलं, थांबा. ह्यांनाही सांगितलं, यात ‘आम्ही दोघं’ नाही. रिपोर्टच्या प्रती या पाकिटात घातल्यात. तू वाच, तुझ्या डॉक्टरांना दाखव. आईचं म्हणणं आहे, ताई आल्याशिवाय मला हात लावू देणार नाही, पण ते सोड, तिच्या नावावर मी तुला बोलावत नाही, मी बोलावतेय. ऑपरेशन करायचं की नाही, नंतर ती कुणाकडे राहील, हे आपण ठरवू. तू नाही म्हणालीस तर नाही. मी वाक्य संपेपर्यंत थांबेन, मला सवय आहे.

आणि तू म्हणशील, सख्ख्या बहिणीला पत्राखाली अर्जातल्यासारखं काय लिहितेस, नेहमीचं ‘तुझी’ का नाही. पहिल्या गोलातला शब्द आहे तो. तीन वर्षं लिहायचा राहिला होता. चुकले. राहिला नव्हता, मी लिहिला नव्हता. आज लिहिते.

आपली,
टकळी