अमिषाचे निळे हातमोजे

५ जानेवारी, सोमवार
पतपेढीने डायरी दिली. कोरी ठेवली तर फुकट जाईल. रोज लिहायचं. थोडक्यात. फापटपसारा नाय.
अमिषा, माझ्या मुलाची मुलगी, उरणहून आमच्याकडे राहायला आलीय. दोन महिने. अलिबागला नखांचा क्लास लावलाय. नखं कापायचा नाय, लावायचा! देवाने दिलेल्या नखांवर दुसरी नखं. मी बोललो, पहिल्यांना काय धाड भरलीय? बोलली, आजा, लग्नाच्या सीझनला नवऱ्या रांग लावतात. एका पार्लरवालीने शब्द दिलाय, परीक्षा पास हो, माझ्याकडचं नखांचं टेबल तुझं.
बरं आहे. शिकू दे.

८ जानेवारी
अमिषाने निळ्या हातमोज्यांचा बॉक्स आणला. ऑपरेशनवाले डॉक्टर घालतात तसले. तिच्या मास्तरणीने, क्रांती मॅडमने सांगितलंय, जेल कातडीला लागता कामा नये. जेल म्हणजे नखावर लावायचा चिकट रंग. दिव्याखाली धरला की दगड होतो.
रंगाला एवढं कोण घाबरतं? मी पंचवीस वर्षं मिठागरात उघड्या हाताने मीठ ओढलं. पोरीला तसं सांगितलंही. नीराबाई बोलली, म्हणून तर तुमचा हात पाठीला लागला की खरवडल्यासारखं होतं. बायकोला प्रत्येक गोष्टीत बोलायचं असतं.

१० जानेवारी
होडीला रंग लावला. आळीतला सदा मदतीला. रंग हाताला लागला की चार दिवस भाकरीला वास. बॉक्स फळीवर होता. एक जोडी मी घेतली, एक सदाला. एवढ्या मोठ्या बॉक्सात दोन जोड्या म्हणजे काय.

११ जानेवारी
झकास वस्तू. चिंबोऱ्या साफ केल्या तरी हाताला वास नाय. सदा बोलला, दत्तू, आणखी हायत काय? हायत बोललो. एकेक जोडीसाठी घरी खेपा कोण घालणार, म्हणून बॉक्सच होडीवर नेला. उद्या सकाळी ती उठायच्या आत परत फळीवर.

१२ जानेवारी
ठेवायचा राहिला. सकाळी ती शोधायला लागली. आजा, बॉक्स बघितलास? तोंडातून निघून गेलं, येताना मिनीडोर रिक्षात राहिला असेल. लगेच खरं सांगणार होतो, पण तिने मिनीडोरवाल्याला फोन लावला. माणूस फोनवर असताना मध्ये बोलू नये.
आज होडीवरून आणून तिच्या दप्तरामागे टाकतो. तिला सापडला की विषय संपला.

१२ जानेवारी, दुपार
अर्धे सदाने घरी नेलेत. उरलेले भरतीच्या पाण्यात आणि लाल रंगात. बॉक्सचा लगदा.
आता खरं सांगून काय उपयोग? बॉक्स तर येणार नाय. नवीन आणायचा. रविवारी नक्की.

१८ जानेवारी, रविवार
दुकान बंद. रविवारी बंद असतं.
पोरीने केस रंगवायच्या पाकिटातले पातळ प्लास्टिकचे मोजे काढलेत. मी बोललो, दुसरा बॉक्स घे. बोलली, पप्पांनी दिलेल्या पैशातला मीच हरवला, आता कुठल्या तोंडाने मागू? सुंदर विचार. अशी पोर आजकाल मिळत नाय. आणि मोजे ते मोजे, निळे काय आणि पांढरे काय.

२४ जानेवारी
अमिषा बोटांची टोकं खाजवतेय. बारीक पुरळ. मी बोललो, कोलंबी बाधली. नीराबाई बोलली, तिने खाल्लीच नाय, सगळी तुम्हीच खाल्लीत. मी बोललो, मग माझ्या हाताला का नाय आलं? तिने कपाळावर हात मारला.

२८ जानेवारी
पुरळ वाढलं. अमिषा बोलली, मोज्याला सारखी भोकं पडतात, जेल आत जातं. काही दिवस सुट्टी घेऊ का? मी बोललो, खाजेला घाबरून घरी बसलीस तर टेबल दुसरी घेईल. खोटं काय त्यात?
जरा जोरात बोललो. मग बाजारातून जिताडा मासा आणला तिच्यासाठी. सहज. सणवार नव्हता.

२९ जानेवारी
आज वाईट झालं. अमिषाबरोबर सदाच्या दारावरून येत होतो. सदाची बायको ओट्यावर मासे साफ करतेय, हातात निळे मोजे! अमिषा थांबलीच. बोलली, बघ आजा, काकीसुद्धा हातमोजे घालते, आणि तू मला नखरे बोलतोस. काकी बोलली, अगो, मला कुठचे, हे तर... मला इतका मोठा खोकला आला की दोघी पाणी आणायला पळाल्या.
पाणी प्यायलो. घसा खरंच कोरडा होता.

३१ जानेवारी
उपाय सापडला. आमच्या मिठागरात पायाला भेगा पडल्या की कडक मिठाच्या पाण्यात पाय. कुठला डॉक्टर न् कुठलं काय. बादलीत जाड मीठ ढवळलं, अमिषाचे हात बुडवले. किंचाळली. बोललो, झोंबतंय म्हणजे लागू पडतंय. दात खाऊन बसून राहिली. मिठागरवाल्याची नात शोभते.
आठवड्यात हात साफ. मग बॉक्सचा विषयच राहणार नाय.

३ फेब्रुवारी
बोटांना भेगा. मीठ खराब निघालं. हल्लीचं पाकिटातलं मीठ, त्यात काय काय घालतात. आम्ही पिकवायचो ते मीठ.
तरी क्लासला जातेच. उघड्या भेगांवर तेच पातळ मोजे.

६ फेब्रुवारी
सकाळी तिच्या पापण्या सुजलेल्या. डोळे दिसेनात. नीराबाईने माझ्याकडे बघितलं. मी बोललो, मोबाईल. रात्रंदिवस मोबाईल बघितल्यावर दुसरं काय होणार.
मग माझ्यापुढचा चहा उचलून आत नेला. बोलली असती तर बरं झालं असतं.

७ फेब्रुवारी
चौलला दत्ताच्या डोंगरावर जाऊन आलो. नवस वगैरे नाय, गुडघे चालू राहावेत म्हणून. वर गेलोच होतो तर सगळं सांगून टाकलं. बॉक्स, होडी, मिनीडोर. हलकं वाटलं. देवाला सांगितलं म्हणजे अर्धं घरात सांगितल्यासारखंच. उरलेलं अर्धं सोपं हाय.

९ फेब्रुवारी
हातमोजे आणले! खताच्या दुकानातून. नारिंगी, कोपरापर्यंत, जाड. फवारणीवाले. ते निळे काय, फुंकर मारली तर फाटायचे. अमिषाने घालून बघितले. ब्रश बोटांतून दोनदा पडला. तिसऱ्यांदा तिला हसू आलं. बोलली, आजा, यात नखं नाय, म्हैस रंगवता येईल. पण तू आणलेस, मीच मेली हरवून बसले.
तिथेच सांगणार होतो. पण किती दिवसांनी हसत होती.

१२ फेब्रुवारी
क्रांती मॅडमने तिला क्लासातून परत पाठवलं. कातडीच्या डॉक्टरला दाखव, मगच ये. मी बरोबर गेलो.
डॉक्टरने विचारलं, हातमोजे वापरत नव्हतीस? अमिषा बोलली, हरवले सर, माझाच हलगर्जीपणा. मी भिंतीवरचा चामखिळीचा तक्ता वाचला. वरपासून खालपर्यंत.
मग विचारलं, या भेगांवर काय लावलंत? बोलली, मिठाचं पाणी. कोणी सांगितलं असलं? तिने माझ्याकडे बघितलं नाय. बोलली, गावात सांगतात.
अ‍ॅलर्जी कशाची ते बघायला पाठीवर औषधाच्या पट्ट्या चिकटवल्या. परत बोलावलंय.
उद्या सांगतो.

१६ फेब्रुवारी
निकाल आला. जेलमधल्या केमिकलची अ‍ॅलर्जी. मी विचारलं, कधी जाईल? डॉक्टर बोलला, पुरळ जाईल, अ‍ॅलर्जी जात नाय. जन्माची. आता थेंब लागला तरी उठणार. दातात भरतात तो मसालाही याच जातीचा, दात भरायला गेलीस तरी तिथे आधी सांगायचं. मी विचारलं, आणि नखांचं काम? बोलला, साधं नेलपेंट जमतंय का ते बघू, जेल विसरा.
पहिल्यापासून नीट मोजे असते तर? हे मी विचारलं नाय, अमिषाने विचारलं. डॉक्टर बोलला, बहुतेक झालंच नसतं.
येताना मिनीडोरमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी ड्रायव्हरशी रस्त्याच्या खड्ड्यांवर बोललो. खूप बोललो.

२० फेब्रुवारी
आज क्लासची परीक्षा झाली. तिच्याशिवाय. पार्लरवालीचा फोन आला, टेबल दुसऱ्या मुलीला दिलं. अमिषा फोनवर बोलली, हो मॅडम, बरोबर हाय मॅडम. मग आत जाऊन आपले ब्रश धुतले. आता कशाला धुवायचे?
जेवण गेलं नाय. पित्त असेल.

२१ फेब्रुवारी
सांगितलं.
तयारी केली होती. रडली तर काय बोलायचं, ओरडली तर काय, बापाला फोन लावला तर काय. सदाला जरा पुढे करायचं ठरवलं होतं. ती ओटीवर बसलेली. समोर बसलो आणि सांगितलं. होडी, मिनीडोर, खोकला, सगळं. सदाला पुढे करायचं विसरलो.
ती बोलली, बरं.
बरं बोलली तर काय, हे ठरवलंच नव्हतं.
मग तिने मलमाची ट्यूब पुढे केली. बोटं वळत नायत, झाकण काढ. काढलं. बोलली, लाव आता. मी परात घासतात तसं लावायला गेलो. तिने हात मागे ओढला. बोलली, चोळू नको. नुसतं ठेव.
नुसतं ठेवत गेलो. एका बोटालाच इतका वेळ लागतो, माहीत नव्हतं.
सकाळ-संध्याकाळ लावायचं हाय. दोन्ही वेळेला तूच, बोलली.